कोशांची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा व्यासंग पदार्थविज्ञानाचा आणि जिव्हाळा भाषेचा असल्यामुळे, या दोन्ही प्रांतांच्या शिवेवरचा एखादा विषय आज मांडावा अशी चालकांची सूचना होती, आणि ती मी आनंदाने मान्य केली. शिवेवरचे वाद चुरशीचे असतात, व त्यांतल्या मोठ्या वादांत शिरले म्हणजे वक्त्याला आवेश चढतो आणि विचार मागे राहतो. म्हणून मी मुद्दामच एक लहानशी वस्तू निवडली आहे. सायफन ही ती वस्तू. आणि आंतरजालावर आज ज्यांची पाने कोणालाही उघडता येतात ते निरनिराळे इंग्रजी शब्दकोश या वस्तूची व्याख्या कशी करतात, हा आजच्या विवेचनाचा विषय. एवढ्याशा नळीवर तासभर काय बोलायचे, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर ती अस्थानी नाही. पण चार शतकांचे विज्ञान, एका शतकाची कोशकारी आणि साक्षीपुराव्याचा एक जुना प्रश्न या नळीत एकत्र आलेले आहेत, एवढे मी आरंभीच सांगून ठेवतो.

वस्तू सर्वांच्या ओळखीची आहे. टेकाडावरच्या विहिरीचे पाणी पंपावाचून उताराच्या शेतात आणणारा शेतकरी, पाटाच्या काठावरून वाकडी नळी टाकून सरीत पाणी घेणारा बागाईतदार, आणि पिंपातले रॉकेल रबरी नळीने डब्यात उतरविणारा दुकानदार, हे सर्व सायफनच वापरतात. नळी आधी द्रवाने भरून घ्यावी लागते. तिचे एक तोंड वरच्या भांड्यात बुडालेले आणि दुसरे त्या भांड्यातील पातळीच्या खाली असावे लागते. आणि एवढे जमले की द्रव आधी वर चढतो, काठ ओलांडतो व मग आपोआप खाली वाहत राहतो. यांतले पाणी ‘वर चढणे’ हेच काय ते नवल. खाली वाहणाऱ्या पाण्याबद्दल कोणी कारण विचारत नाही. चढणाऱ्या पाण्याबद्दल मात्र अलेक्झांड्रियाच्या हेरोनने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या वायुयंत्रांवरील ग्रंथात सायफनाचे वर्णन केले तेव्हापासून विद्वान कारण विचारीत आले आहेत.

या जुन्या नळीला नवी प्रसिद्धी मिळाली ती २०१० साली. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड तंत्रविज्ञान विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारे स्टीफन ह्यूज यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील एक प्रचंड सायफन पाहिला होता. अवर्षणाने आटत चाललेल्या बॉनी सरोवरात मरी नदीचे पाणी त्या सायफनाने सोडले जात होते, आणि दोन महिन्यांत सुमारे १० अब्ज लिटर पाणी अशा रीतीने उतरविण्यात आले. या कामावर शिक्षकांसाठी लेख लिहिताना त्यांनी ऑक्सफर्डचा बृहत् इंग्रजी कोश उघडून पाहिला. त्यातील व्याख्येचा आशय असा होता की, सायफन म्हणजे एक बाहू दुसऱ्याहून लांब असलेली वाकडी नळी असून तिच्यातून द्रव काढून घेतला जातो तो वातावरणाच्या दाबामुळे. हा दाब द्रवाला आखूड बाहूतून वर ढकलून वळणापलीकडे नेतो. ह्यूज यांचा आक्षेप असा की, सायफन चालविणारे बल हवेच्या दाबाचे नसून गुरुत्वाकर्षणाचे आहे. ही व्याख्या १९११ सालची होती आणि ९९ वर्षांत तिच्यावर कोणी हरकत घेतल्याची नोंद नव्हती. ऑक्सफर्डच्या कार्यालयाने तक्रारीची दखल घेतली, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी कोशाची शंभर वर्षांची चूक एका अध्यापकाने पकडली असे मथळे दिले.

परंतु वृत्तपत्रांच्या मथळ्यांपेक्षा त्या लेखातले दुसरे एक विधान मला अधिक विचार करायला लावणारे वाटते. ह्यूज यांनी छापील आणि आंतरजालावरचे पुष्कळ कोश तपासले, आणि गुरुत्वाकर्षण हे सायफनाचे चालक बल आहे असे नीट सांगणारा एकही कोश त्यांना आढळला नाही. एक कोश चुकला, तर तो अपघात म्हणता येतो. सगळेच एका दिशेने चुकतात, तेव्हा त्याला रीत म्हणावी लागते. आणि रीतीचा शोध घेणे हे अपघाताच्या बातमीपेक्षा उपयुक्त काम आहे.

तेव्हा आता हे कोश एकामागून एक उभे करू. आंतरजालावरचा मजकूर वेळोवेळी बदलतो, म्हणून मी त्यांचा आशय तेवढा सांगतो. अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टरची व्याख्या सर्वांत पाल्हाळिक. असमान लांबीचे दोन बाहू, मधला उंचवटा आणि खालची पातळी हे सर्व सांगून ती म्हणते की, वातावरणाचा दाब द्रवाला आखूड बाहूत वर चढवितो, आणि नळी एकदा भरली म्हणजे लांब बाहूतील द्रवाचे जादा वजन प्रवाह अखंड चालू ठेवते. कॉलिन्सचा कोश बाहूंच्या लांबीबद्दल बोलत नाही. नळीचे बाहेरचे तोंड भांड्यातील पातळीच्या खाली असले पाहिजे, हे तो बिनचूक सांगतो. पण कारणाची पाळी आली की वातावरणाचा दाब द्रवाला नळीतून बाहेर ढकलतो, असे म्हणून मोकळा होतो. अमेरिकन हेरिटेजच्या व्याख्येतही काठावरून द्रव ढकलून नेण्याचे काम वातावरणाच्या दाबाकडेच आहे, आणि डिक्शनरी-डॉट-कॉम या स्थळावर रँडम हाउसच्या कोशातून आलेल्या व्याख्येत तोच दाब द्रवाला आखूड बाहूतून लांब बाहूत घालतो. केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश मात्र नळीचा आकार व दोन भांड्यांच्या पातळ्या सांगतो, द्रव वरच्या भांड्यातून खालच्यात जातो असे म्हणतो आणि कारणाविषयी मौन पाळतो. खुद्द ऑक्सफर्डच्याच एकखंडी आधुनिक कोशाची तऱ्हाही अशीच: नळी द्रवाला आधी वर आणि मग खालच्या पातळीवर नेते, एकदा ओढून वा बुडवून ती भरली की पुढचा प्रवाह आपसूक चालतो, इतकेच त्याचे म्हणणे.

म्हणजे या साक्षीदारांचे तीन तट पडले. पहिला तट म्हणतो, सर्व काही हवेने केले. दुसऱ्या तटात मेरियम-वेब्स्टर एकटाच असून तो चढविण्याचे श्रेय हवेला आणि वाहविण्याचे वजनाला देतो. तिसरा तट घडलेली गोष्ट सांगतो आणि ती कोणी घडविली याबद्दल जबानी देण्याचे नाकारतो. कोणाची साक्ष ग्राह्य धरायची हे ठरविण्यापूर्वी खुद्द वस्तूचाच पडताळा घेतला पाहिजे.

हवेचा दाब सायफनाच्या दोन्ही तोंडांवर असतो. वरच्या भांड्यातील पाण्याच्या पृष्ठभागावर हवा जशी दाबते, तशीच ती खालच्या तोंडाशी वर आणि आत दाबते. किंबहुना खालचे तोंड थोडे खोल असल्यामुळे तिथला दाब किंचित अधिकच असतो. हवा पाण्याच्या मानाने सुमारे आठशे पट हलकी असल्याने हा फरक नगण्य आहे. पण जो काही आहे तो प्रवाहाच्या उलट दिशेचा आहे. एकट्या हवेवर सर्व भार टाकला, तर पाणी वरच्या भांड्याकडून खालच्याकडेच का वाहते आणि उलट का वाहत नाही, या साध्या प्रश्नाला उत्तर उरत नाही. प्रवाहाची दिशा आणि वेग ठरतो तो वरच्या पातळीच्या आणि खालच्या तोंडाच्या उंचीतील फरकाने. हा फरक १ मीटर असेल, तर घर्षण वगळता पाणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने बाहेर पडेल. आणि हा आकडा काढताना हवेच्या दाबाचा कोठेही उपयोग करावा लागत नाही. बाहूंच्या लांबीचेही तसेच. भांड्यात बुडवलेला बाहू बाहेरच्या बाहूहून लांब असला तरी, बाहेरचे तोंड पाण्याच्या पातळीखाली आहे तोवर, सायफन बिनतक्रार चालतो. तेव्हा ‘आखूड’ आणि ‘लांब’ बाहूंची ती पिढीजात भाषाही सैलच ठरते, आणि या बाबतीत कॉलिन्सची साक्ष ऑक्सफर्डच्या १९११ च्या साक्षीपेक्षा चोख आहे.

मग हवेला काहीच काम नाही काय? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. नळीच्या माथ्यावर पाण्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. जितकी उंची अधिक तितका तो कमी. समुद्रसपाटीवर वातावरण जास्तीत जास्त सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकते, आणि पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर. सायफनाचा माथा याहून उंच नेला की नेहमीच्या परिस्थितीत पाण्याचा स्तंभ माथ्याशी तुटतो आणि प्रवाह बंद पडतो. म्हणजे पाणी वाहवते गुरुत्वाकर्षण, आणि वाहता वाहता पाण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरते हवा. चालविणारा एक आणि सांभाळणारा दुसरा, अशी ही कामाची वाटणी आहे.

ही वाटणी १९११ च्या संपादकाला का दिसली नाही, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते त्याला दोषी ठरविण्यापेक्षा त्याच्याविषयी सहानुभूती वाढविणारे आहे. १६३० साली जेनोव्हाच्या जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी याने गॅलिलिओला पत्र लिहून विचारले की, सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी नेण्यासाठी घातलेला सायफन चालत का नाही. गॅलिलिओने दिलेले उत्तर पुढे टिकले नाही; पण शोषकपंपाने पाणी ठरावीक उंचीपलीकडे का चढत नाही, हा प्रश्न त्याने १६३८ च्या आपल्या संवादग्रंथात नोंदविला, आणि त्याच प्रश्नाच्या मागावर जाऊन टोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा तो प्रसिद्ध प्रयोग योजिला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कालच्या मेहुण्याने फ्रान्समधील प्वी-द-दोम पर्वतावर तीच नळी नेऊन, उंचीबरोबर पारा उतरतो, हे प्रत्यक्ष दाखविले. पास्कालच्या मृत्यूनंतर १६६३ साली निघालेल्या त्याच्या प्रबंधांत, हवेच्या वजनामुळे घडणाऱ्या गोष्टींमध्ये सायफनाचा अंतर्भाव आहे. निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे म्हणून पाणी वर चढते, ही मध्ययुगीन समजूत या साऱ्या प्रयोगांनी निकालात काढली. तेव्हापासून सायफन आणि वायुभारमापक ही दोन भावंडे एकाच घरची मानली गेली, आणि पाणी चढविणारी हवा हे उत्तर क्रमिक पुस्तकांत कायम झाले. ते उत्तर जुन्या खोट्या उत्तराच्या तुलनेत इतके खरे होते, की त्यातला उरलेला अपुरेपणा पाहण्याची गरज पुढच्या पिढ्यांना भासली नाही. १९११ चा संपादक अडाणी नव्हता. आपल्या काळच्या शिष्टमताचा तो प्रामाणिक लेखनिक होता.

आता ह्यूज यांच्या दुरुस्तीकडे वळू, कारण एखादी चूक दाखविली गेली म्हणजे दाखविणाऱ्याचे सर्व म्हणणे बिनचूक ठरते, असे मानण्याकडे आपला कल असतो. गुरुत्वाकर्षण हेच कारण, असे म्हणणाऱ्या पक्षाचा लाडका युक्तिवाद साखळीचा आहे: कप्पीवरून टाकलेल्या साखळीचा जड भाग जसा हलक्या भागाला ओढून घेतो, तसे लांब बाहूतील पाणी आखूड बाहूतील पाण्याला ओढते. पण साखळीची कडी एकमेकांत अडकलेली असतात, पाण्याचे काय? नळीत हवेचा मोठा बुडबुडा शिरून पाण्याचे दोन तुकडे पडले तरी कित्येकदा सायफन चालू राहतो, आणि तिथे ओढणारी साखळी सलग नसते. उलट पक्षी, हवा सर्वस्वी काढून टाकली तरी सायफन चालू शकतो, हेही सिद्ध आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २०११ साली अतिनिर्वातात, जवळजवळ बाष्पच न होणारा द्रव घेऊन, सायफन चालवून दाखविला. तेथे द्रवाच्या रेणूंची परस्परांतील पकड हेच त्याला धरून ठेवणारे बल होते. २०१६ साली चिलीतील संशोधकांनी पृष्ठताण कमी करणारा पदार्थ मिसळलेले पाणी १५.३७ मीटर उंचीच्या सायफनातून वर नेल्याचे प्रसिद्ध केले, आणि टोरिचेल्लीची १०.३ मीटरची मर्यादा ही अनुल्लंघ्य सीमा नाही, हे दाखविले.

याहून बोधप्रद गोष्ट म्हणजे खुद्द ह्यूज यांनी, एका सहकाऱ्याबरोबर, २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग. दीड मीटर उंचीचा सायफन त्यांनी हवेचा दाब हवा तसा कमी करता येणाऱ्या बंद खोलीत उभा केला. दाब सुमारे ०.१८ वातावरणापर्यंत उतरला तेव्हा माथ्यापलीकडच्या उतरत्या बाहूत धबधब्यासारखा देखावा दिसू लागला, आणि दाब आणखी कमी केल्यावर पाण्याच्या स्तंभाचे दोन तुकडे होऊन त्या एका सायफनाचे पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन वायुभारमापक झाले. दीड मीटर पाणी पेलायला सुमारे ०.१४५ वातावरणाचा दाब लागतो आणि पाण्याची स्वतःची वाफ त्यात थोडी भर घालते, हे ध्यानात घेतले म्हणजे स्तंभ कोठे तुटावा याचा अंदाज आधीच बांधता येतो. प्रयोगाच्या निष्कर्षात वातावरणाच्या दाबाला आणि रेणूंच्या पकडीला, दोघांनाही, आपापले स्थान दिलेले आहे. ज्याने फिर्याद दाखल केली त्यानेच, चार वर्षांनी, ज्याच्यावर फिर्याद होती त्याच्या पदरात त्याचा न्याय्य हिस्सा घातला, हे शास्त्रीय वृत्तीचे मोठे लक्षण मी समजतो.

इतके पाहून झाल्यावर साक्षीदारांकडे परत येऊ. सर्व काही हवेने केले असे म्हणणाऱ्यांची साक्ष फेटाळावी लागते. मेरियम-वेब्स्टरची पाल्हाळिक आणि जुन्या वळणाची व्याख्या, बाहूंच्या लांबीची ढिलाई सोडल्यास, सत्याच्या सर्वांत जवळ आहे, कारण चढणे आणि वाहणे या दोन घटनांचा हिशेब तिने निरनिराळा मांडला आहे. मात्र कारण न सांगणारी ऑक्सफर्डच्या एकखंडी कोशाची व्याख्या सर्वांत दीर्घायुषी ठरेल, असे माझे मत आहे. २०११, २०१४ आणि २०१६ चे तिन्ही प्रयोग झाले तरी तिच्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. व्याख्या वस्तू ओळखू येईल इतके सांगते तेव्हा ती टिकते. वस्तू का चालते हेही ती त्याच वाक्यात सांगू पाहते, तेव्हा त्या काळच्या उपपत्तीचे भवितव्य ती आपल्या गळ्यात बांधून घेते. कारणमीमांसा हा ज्ञानकोशाचा आणि क्रमिक पुस्तकाचा प्रांत आहे, कारण तेथे शंका, मर्यादा आणि अपवाद यांना जागा असते. शब्दकोशाच्या दोन ओळींत अपवादाला जागा नसते, आणि जेथे अपवादाला जागा नाही तेथे कारण सांगण्याची घाई करू नये.

परंतु एवढ्या कोशांनी एकमुखाने जे सांगितले ते खोटे कसे ठरले, हा प्रश्न उरतोच. न्यायालयात दहा साक्षीदारांनी एकच हकीकत सांगितली म्हणजे ती बळकट होते. पण त्या दहांनी ती एकाच माणसाच्या तोंडून ऐकली होती असे उलटतपासणीत निघाले, तर न्यायाधीश त्यांना एकच साक्षीदार मानतो, आणि तोही ऐकीव. कोशकार स्वभावतः पूर्वसूरींच्या खांद्यावर उभा राहतो, व त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाखो शब्दांपैकी प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र प्रयोग करून पाहणे कोणालाच शक्य नसते. तथापि त्यामुळे कोशांचे बहुमत हा पुरावा होत नाही. त्यांतून एवढेच सिद्ध होते की, एक मत दीर्घकाळ प्रतिष्ठित होते.

चुकीची दुसरी एक जात याच्या जोडीला ठेवून पाहण्यासारखी आहे. १९३४ साली निघालेल्या वेब्स्टरच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ‘डॉर्ड’ असा एक शब्द, भौतिक व रसायनशास्त्रातील घनता या अर्थाने, छापला गेला. असा शब्दच नव्हता. ‘डी’ हे अक्षर, मोठे वा लहान, घनतेचा संक्षेप म्हणून वापरतात, असे सांगणारी एक चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यातून शब्दांच्या गठ्ठ्यात गेली, आणि ‘डी ऑर डी’ यांतली इंग्रजी अक्षरे एकत्र वाचली जाऊन नवा शब्द जन्माला आला. १९३९ साली एका संपादकाच्या ध्यानात आले की या शब्दाला व्युत्पत्ती दिलेली नाही, आणि मग दप्तर तपासून तो पुढे काढून टाकण्यात आला. ही कारकुनी चूक पाच वर्षांत सापडली. सायफनाची चूक ९९ वर्षे टिकली. कारण उघड आहे. डॉर्डच्या पाठीशी कोणी नव्हते, आणि सायफनाच्या चुकीच्या पाठीशी पास्कालपासून शाळामास्तरांपर्यंत सर्व शिष्टजन उभे होते. प्रतिष्ठित चुकीला पकडायला कोणी हात घालीत नाही, कारण ती चूक आहे अशी शंकाच येत नाही.

येथे एक भेद मात्र केला पाहिजे. शास्त्रातील सर्व संज्ञा सायफनासारख्या नसतात. काही संज्ञा फर्मानाने ठरतात. किलोग्रॅम घ्या. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, अशी व्याख्या होती; आणि २० मे २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य निश्चित करून त्यावरून किलोग्रॅम ठरविला जातो. त्या दिवसापूर्वीची व्याख्या त्या दिवसापूर्वी चूक नव्हती. नंतर मात्र ती रद्द झाली. ग्रहाचेही असेच. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ठराव केला की, जो सूर्याभोवती फिरतो, ज्याचा आकार स्वतःच्या गुरुत्वाने गोलप्राय झालेला आहे, आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला आहे तो ग्रह; आणि १९३० साली सापडलेला प्लूटो त्या दिवशी बटुग्रहांच्या यादीत गेला. अशा संज्ञांच्या बाबतीत कोशाचे काम इमानदार नोंदनिसाचे आहे: ठराव कोणाचा, कोणत्या तारखेचा, आणि तो कोणत्या क्षेत्रापुरता, एवढे लिहावे. खगोलशास्त्रज्ञांचा ठराव पंचांगावर बंधनकारक नसतो. तेथे सूर्य, चंद्र, राहू आणि केतू ग्रहच राहतात, आणि सर्वसाधारण मराठी कोशाने दोन्ही वहिवाटी आपापल्या जागी नोंदविल्या तर त्यात विसंगती काहीच नाही. सायफनाच्या व्याख्येला मात्र ठरावाचा आधार देता येत नाही. कोणत्याही परिषदेने बहुमताने काहीही ठरविले तरी पाणी आपल्याच नियमाने वाहणार. फर्मानाचा शब्द आणि निसर्गाचा शब्द यांतला हा भेद जो कोश पाळीत नाही, तो दोन्हीकडे फसतो: जेथे तारीख हवी तेथे तो शाश्वत सत्याचा सूर लावतो, आणि जेथे प्रयोग हवा तेथे पूर्वसूरींची सही पुरेशी मानतो.

आंतरजालाने या जुन्या दुखण्यात नवी भर घातली ती तारखेच्या बाबतीत. छापील कोश हाती घेतला की त्याचे पिवळे पान, जुने वळण आणि मुखपृष्ठावरचे साल, हे सर्व आपल्याला सावध करतात. पडद्यावर १९११ ची व्याख्या आणि काल लिहिलेली व्याख्या एकाच टंकात, एकाच शुभ्रतेत समोर येते, आणि शोधयंत्र तर पुष्कळदा एकच व्याख्या सर्वांच्या डोक्यावर आणून बसविते. ऑक्सफर्डच्या बृहत् कोशाचे पहिले प्रकाशन १८८४ ते १९२८ असे ४४ वर्षे हप्त्याहप्त्याने झाले. २००० साली तो आंतरजालावर आला आणि त्याच सुमारास सर्व नोंदींच्या फेरतपासणीचे काम सुरू झाले, पण इतक्या अफाट दप्तरात जुन्या व नव्या नोंदी दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदणे अपरिहार्यच होते. त्या कोशाच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, एखादी नोंद प्रथम कधी छापली आणि तिची फेरतपासणी झाली आहे की नाही, हे तो वाचकाला सांगतो. सांगत नाहीत ते अनेक दुय्यम संग्रह, जे व्याख्या उचलतात आणि तारीख मागे ठेवतात. २००२ साली सुरू झालेली विक्शनरी कोणीही लिहू शकतो म्हणून विद्वानांच्या उपहासाचा विषय होते, आणि तिच्यातल्या कित्येक नोंदी खरोखरच कच्च्या आहेत. पण कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला याची बारनिशी ती जितकी चोख ठेवते, तितकी पुष्कळ प्रतिष्ठित कोशांनी ठेवलेली नाही. अधिकार एकाकडे आणि दप्तर दुसऱ्याकडे, अशी ही विपरीत स्थिती आहे.

आपल्या भाषेपुरते बोलून हे विवेचन संपवितो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची, आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे आज आंतरजालावर घरबसल्या पाहता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोशही तेथे आहे. हे भाग्य लहान नव्हे. परंतु या ग्रंथांतील नोंदी जसजशा एकमेकींत मिसळून नव्या संग्रहांत आणि भ्रमणध्वनीवरच्या कोशांत उतरतील, तसतसा त्यांच्या वयाचा विसर पडण्याचा धोका वाढेल. आणि शास्त्रीय संज्ञांच्या बाबतीत हा विसर सर्वांत महाग पडेल, कारण बोलीतल्या शब्दाची १८५७ ची साक्ष आजही मोलाची असते, पण रसायनाच्या किंवा खगोलाच्या शब्दाची १८५७ ची साक्ष फक्त इतिहासाच्या मोलाची असते. म्हणून मराठीत आंतरजालासाठी जे कोणी नवे कोश रचीत आहेत त्यांना माझ्या तीन सूचना आहेत. प्रत्येक शास्त्रीय नोंदीखाली ती कोठून घेतली व कोणत्या साली शेवटची तपासली, हे लिहावे. संज्ञा ठरावाने निश्चित झालेली असेल तर ठराव करणारी संस्था आणि तारीख द्यावी. आणि वस्तूचे वर्णन व तिच्या कारणाची उपपत्ती ही दोन वाक्ये निरनिराळी ठेवावी, म्हणजे दुसरे वाक्य बदलावे लागले तरी पहिल्याला धक्का लागणार नाही.

वाचकाची जबाबदारी याहून हलकी नाही. एक कोश उघडून उत्तर मिळाले म्हणून थांबू नये, आणि चार कोशांत तेच उत्तर मिळाले म्हणून निश्चिंतही होऊ नये. ते चौघे एकमेकांचे वंशज आहेत की स्वतंत्र, हे आधी विचारावे. ते जेथे भिन्न बोलतात तेथे अधिक थांबावे, कारण शास्त्र अद्याप कोठे चाचपडते आहे किंवा कोशकार कोठे घसरला आहे, हे त्या भेदावरूनच कळते. आणि सायफनासारखी वस्तू असेल, तर दोन डबे, एक नळी आणि थोडे पाणी घेऊन स्वतःच पाहावे. खालचे तोंड वर-खाली करून प्रवाह कसा मंदावतो, थांबतो आणि उलटतो हे जो एकदा पाहील, त्याला दहा कोशांपैकी कोणता खरे बोलतो हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.